पस्तीस मिनिटांचा केक

११ जानेवारी

बहात्तर पायऱ्या. मला खुर्चीत बसवून दोघांनी उचलून वर आणलं तेव्हा मी त्या मोजल्या. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. लिफ्टच्या दारावर ‘दुरुस्ती चालू’ अशी पाटी आहे आणि त्या पाटीवर बोटभर धूळ आहे, त्यावरून दुरुस्ती किती चालू आहे ते कळतं.

ज्या पायरीवर बसून मी चाळीस वर्षं सकाळचा चहा प्यायलो, आपल्या घराच्या त्याच पायरीवरून घसरलो. उजवा पाय गुडघ्यापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. सहा आठवडे. तोपर्यंत मुक्काम मुलाकडे, चौथ्या मजल्यावर. चिरंजीव गावोगाव यंत्रं बसवत फिरतात, म्हणजे घरात उरलो तिघं: मी, सूनबाई आणि आठ वर्षांची नात. नातीला सगळे चिमणी म्हणतात. माझी कॉट बाहेरच्या खोलीत, दाराच्या समोर. आतली खोली त्यांची. त्यापलीकडे स्वयंपाकघर. घर संपलं.

चिमणीने हाताशी एक पितळी घंटा आणून ठेवली आहे. “काही लागलं तर वाजवायची, आजोबा. आई येते.”

ही असती तर म्हणाली असती, आता बसा गप्प. ही जाऊन चार वर्षं होतील.

१३ जानेवारी

खिडकीतून एक भिंत दिसते. भिंतीवर एक पाइप आहे, तो वरून येतो आणि खाली जातो. दोन दिवसांत मी त्याच्यावर एक कविता करायला घेतली आणि सोडून दिली; पाइपाला यमकं मिळतात, पण अर्थ मिळत नाही. मान फार वाकडी केली तर खाली कोपऱ्यावरच्या बेकरीची अर्धी पाटी दिसते. माझं जग सध्या दीड पावलाचं आहे. आंघोळीला जायचं तर वॉकर धरून, आणि वॉकर आतल्या खोलीच्या उंबऱ्यात अडकतो.

बरं, मी एकटा कंटाळलो असतो तर एक वेळ चाललं असतं. सूनबाईची दया येते. दिवसभर घरात. बिचारी कसलंसं जाडजूड पुस्तक घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसते आणि एकाच पानाकडे बघत राहते. चिरंजीवांचा फोन आला तेव्हा कळलं, की बारा फेब्रुवारीला तिची परीक्षा आहे. चिमणी व्हायच्या आधी ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत होती. आठ वर्षं मध्ये गेली म्हणून परत घ्यायला परीक्षा मागतात. दोनदा थोडक्यात हुकली. ही तिसरी, आणि नियमाप्रमाणे शेवटची.

एवढं डोकं शिणवायचं म्हणजे मध्येमध्ये विरंगुळा हवा. म्हणून मी तिला आमच्या वेळच्या तिसरीच्या पुस्तकातली ओढ्याची कविता म्हणून दाखवली, चालीवर, सगळी एकवीस कडवी. मास्तर आम्हाला ती शाळेमागच्या ओढ्यात पाय सोडून बसवून शिकवायचे. अजून ती म्हटली की घोट्यांना गार लागतं. आता एकाच घोट्याला लागतं.

“छान आहे, बाबा,” ती म्हणाली. तिचं बोट पुस्तकातल्या एका ओळीवर होतं. अर्ध्या तासाने पाहिलं, तरी त्याच ओळीवर होतं. कवितेची अशी तंद्री लागते खरी.

१७ जानेवारी

स्वयंपाकघरातल्या फळीवर हिची वही सापडली. ओव्हनही हिचाच, ही गेल्यावर इकडे आणला होता. काचेचं छोटं तावदान, खाली लाल दिवा. वहीला तपकिरी कागदाचं कव्हर, शाळेच्या वह्यांना घालतात तसं, आणि आत लोण्याचे रिकामे कागद घडी करून ठेवलेले. ते ती केकच्या डब्याला तळाशी लावायची. काही म्हणून फेकायची नाही. शिळ्या पावाचे टोस्ट, संत्र्याच्या सालींच्या माळा, मेणबत्तीच्या थोटकांची नवी मेणबत्ती.

मी सूनबाईला हिची शिस्त समजावून सांगितली. दर रविवारी आमच्याकडे केक. केक आत गेला की स्वयंपाकघराचं दार बंद. कोणी उघडायचं नाही, कोणी हाक मारायची नाही, पाय वाजवायचा नाही. “गार हवा लागली की केक बसतो,” ही सांगायची. लहानपणी आमचे चिरंजीव तर दारावरून चवड्यांवर जात.

सूनबाई माझ्याकडे बघत राहिली.

“किती वेळ असायचं दार बंद?”

“दीड तास. हे बघ, वहीत लिहिलंय.”

“हो की,” ती म्हणाली. “विसरलेच होते मी.”

दुपारी तिने केक केला. पुस्तक बरोबर घेऊन आत गेली, तेवढाच वेळ जावा म्हणून. दीड तासाने बाहेर आली तेव्हा चेहरा उजळला होता. ओव्हनची ऊब, दुसरं काय. केक उत्तम.

२० जानेवारी

चार दिवसांत चार केक. हिची परंपरा या घरात पुन्हा सुरू झाली, आणि माझ्यामुळे. या पायाने निदान एवढं काम केलं.

मीही माझी जुनी जागा धरली आहे. वॉकर ढकलत आतल्या खोलीपर्यंत जातो आणि स्वयंपाकघराच्या बंद दारापाशी खुर्ची टाकून बसतो. घरी रविवारी असाच बसायचो. दार बंद, आत ही, बाहेर मी, आणि मधे कविता. आज पाचवीतली दीपगृहाची म्हटली. वादळाच्या ओळींना आवाज थोडा चढवावा लागतो.

थोड्या वेळाने दाराखालच्या फटीतून ओला टॉवेल सरकवल्यासारखा दिसला.

“टॉवेल कशाला गं?” मी विचारलं.

“वाफ बाहेर जाते, बाबा,” आतून उत्तर आलं.

हुशार आहे. हिला हे कधी सुचलं नव्हतं.

२४ जानेवारी

चिमणीच्या शाळेत दहा तारखेला प्रदर्शन आहे. हिवाळ्यावर काहीतरी करायचं, आणि अट अशी की एकही वस्तू विकत आणायची नाही. घरात पडलेल्यातूनच करायची. “सगळ्यांचे आजोबा मदत करणार आहेत,” चिमणी म्हणाली. सगळ्यांचे पाय मोकळे असतील, मी मनात म्हटलं. पण हात माझेही मोकळे आहेत.

गळून पडलेल्या पानांची माळ करायची ठरलं. बाहेर जाऊन पानं गोळा करणं माझ्या नशिबात नाही, तेव्हा कागदाची. वर्तमानपत्राची पानं मेल्यासारखी दिसली. मग चिमणीने स्वयंपाकघरातल्या स्टुलाखालून रद्दीचा गठ्ठाच आणला. आणि काय कागद. एका बाजूला बारीक अक्षरात काहीतरी खरडलेलं, पण मधेमधे लाल आणि जांभळ्या पेन्सिलीने रंगवलेले गोल, गोलांत ठिपके, ठिपक्यांत आणखी गोल. पानगळीचे नेमके रंग. असल्या सुंदर गोष्टी लोक स्टुलाखाली टाकतात.

मैद्याची खळ शिजवली. मी कापत होतो, चिमणी देठ चिकटवत होती. एकशे चाळीस पानं. पडद्याच्या दांडीपासून कपाटापर्यंत माळ गेली. तरी सर्वांत छान अकरा चिमणीने बाईंना नमुना दाखवायला दप्तरात ठेवली आहेत.

त्या दोन तासांत मला प्लास्टरची आठवण झाली नाही.

२५ जानेवारी

सूनबाई काल तिच्या आईकडे होती, आज सकाळी आली. दारात चप्पल काढता काढता वर पाहिलं आणि एक चप्पल पायात तशीच राहिली.

“बाबा, हे कागद कुठून घेतले?”

“रद्दीतून. स्टुलाखाली होते.”

तिने एक पान हातात घेऊन उलटं केलं, मग सुलटं.

“ही पांढरी पेशी आहे,” ती म्हणाली. फार हळू. मला वाटलं ती माझ्याशी बोलते आहे, पण नाही.

“छानच काढली आहे,” मी म्हटलं.

ती आत गेली आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. बराच वेळ उघडलं नाही. मी चिमणीला म्हटलं, पाय वाजवू नकोस, आत केक आहे. चिमणी वाकून चावीच्या भोकातून बघत होती.

“आजोबा, लाल दिवा लागलेला नाहीये.”

“दिवा गेला असेल,” मी म्हणालो.

२६ जानेवारी

दिवा गेलेला नाही. दिवा माझ्या डोक्यात आज पेटला. दोन वर्षांच्या तिच्या टिपणांची मी पानं कापली.

पहाटेपासून पडून आहे. रागावलेल्या माणसापासून जरा दूर जाण्याची सोय धडधाकट माणसाला असते. कोपऱ्यापर्यंत चक्कर मारता येते, दुकानात उगाच काही विचारता येतं, तेवढ्यात घरातली हवा निवळते. मला ते नाही. मी दाराच्या समोर कॉटवर, ती चहा आणते, कप ठेवते, जाते. ती रागावलीही नाही. रागावली असती तर मी बोललो असतो.

चिरंजीवांचा फोन आला. “बाबा, तुम्ही काही करू नका. फक्त बसून राहा ना.”

बसूनच तर आहे.

घंटा वाजवायची नाही असं ठरवलं होतं. तरी पाण्यासाठी एकदा वाजवली. ती आली तेव्हा मी सहज विचारलं, की दिवसातून किती वेळा वाजवतो मी ही. उत्तर चिमणीने दिलं. “काल सतरा वेळा, आजोबा. परवा बावीस.”

३० जानेवारी

माळ उतरवली. चिमणी पानं सोडवते, मी जुळवतो. जुन्या कॅलेंडरांची कोरी पाठ वर करून त्यावर चिकटवायचं. एकाच वाक्याचा अर्धा भाग एका पानाच्या देठाशी आणि अर्धा दुसऱ्याच्या टोकाला. लाल पेशींना लाल, पांढऱ्यांना जांभळा, हे कळल्यावर जरा सोपं गेलं. शेंड्यांकडचे कातरलेले तुकडे केराच्या पिशवीत मिळाले. सूनबाईने ती पिशवी चार दिवस खाली नेऊ दिली नव्हती. अकरा पानं शाळेत बाईंपाशी आहेत.

तोंडात सारखी खळीची काडी असते, शिवाय मनात अक्षरं जुळवायची, त्यामुळे दिवसभर एक ओळही म्हटली नाही. संध्याकाळी सूनबाई आतून डोकावली.

“बरं आहे ना, बाबा? ताप-बिप नाही ना?”

“का?”

“नाही, आवाज आला नाही दिवसभर.”

मग ती टेबलाशी बसली. दार उघडंच होतं. तासाभरात तिने सहा पानं उलटली. मी मोजली.

२ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहितो.

सूनबाई परीक्षेचं प्रवेशपत्र आणायला गेली. चिमणीला सुट्टी होती. “दोन-अडीच तासांत येते. डब्यात पाव आहे. बाकी काही करू नका,” एवढं सांगून गेली. पण ती दमून येईल तेव्हा टेबलावर केक असावा असं माझ्या मनाने घेतलं. माफी मागायला मला शब्द सुचत नव्हते. ज्याला एवढ्या कविता पाठ त्याला.

हिची वही उभी करून ठेवली. मैदा चाळला, लोणी-साखर फेसली, लोण्याचा कागद डब्याच्या तळाला. चिमणीने ओव्हनची खुंटी फिरवली. वहीत स्वच्छ लिहिलं आहे: दीड तास. आम्ही बाहेर येऊन दार बंद केलं आणि दाराशी बसलो.

चाळीस मिनिटांनी चिमणी म्हणाली, “आजोबा, वास येतोय.”

“येणारच. केक आहे.”

मग म्हणाली, “आजोबा, जळका वास येतोय.”

“वरून खरपूस होत असेल.”

तासाभराने म्हणाली, “आजोबा, दाराखालून धूर येतोय.”

“वाफ ती.”

“काळी?”

ती दाराकडे गेली. मी तिचा फ्रॉक धरला. दार उघडायचं नाही, केक बसेल. हे मी म्हणालो. शुद्धीत असलेला माणूस, वय वर्षं त्र्याहत्तर.

तेवढ्यात बाहेरचं दार कोणीतरी बुक्क्यांनी वाजवायला लागलं. चिमणीने उघडलं. कोपऱ्यावरचे बेकरीवाले, हातात वाळूची बादली, घामाघूम.

“तुमच्या खिडकीतून धूर,” ते कसेबसे म्हणाले. “बहात्तर पायऱ्या.”

“तुम्हीही मोजल्या?”

“ओव्हन कुठाय?”

“थांबा, दार उघडू नका, आत केक...”

त्यांनी उघडलं. मग आम्ही तिघं बराच वेळ खोकलो. ओव्हन बंद झाला, खिडकी सताड उघडली, वाळू लागली नाही. डब्यात जे होतं ते त्यांनी सुरीने वाजवून पाहिलं.

“किती वेळ ठेवला होता?”

“दीड तास. वहीत लिहिलंय.”

“कुणाच्या वहीत?”

“आमच्या हिच्या.”

त्यांनी हात पुसले, वही घेतली आणि उभ्याउभ्या वाचली, एखादं पत्र वाचावं तशी. “प्रमाण चोख आहे, आजोबा. बाई जाणकार होत्या. पण दीड तासात याचा कोळसा होणार. पस्तीस मिनिटं. फार तर चाळीस.”

“तिचा कधी जळला नाही.”

“मग त्या पस्तीस मिनिटांनी काढत असतील.”

“आणि दार? गार हवेने केक बसतो ना?”

“ओव्हनचं दार म्हणता? ते पहिली वीस मिनिटं उघडू नये.”

“स्वयंपाकघराचं.”

ते हसायला लागले, मग माझ्याकडे बघून थांबले. “माझ्या भट्टीच्या खोलीला दारच नाही हो. थंडीत गल्लीतली कुत्री आत येऊन झोपतात. केक फुगतात आपले व्यवस्थित.”

“मग दीड तास का लिहिलं असेल?”

“ते मी कसं सांगू?” त्यांनी बादली उचलली. दारापर्यंत जाऊन मागे वळले. “माझी आई दळण आणायला जायची. गिरणी दोन घरं सोडून होती. यायला तिला दोन तास लागायचे.”

३ फेब्रुवारी

काल सूनबाई आली, स्वयंपाकघराची काळी पडलेली भिंत पाहिली, मला आणि चिमणीला हात लावून पाहिलं. आज सकाळी ती स्टुलावर उभी राहून भिंत पुसत होती. मी वॉकर उंबऱ्यावरून एकदाचा पार केला आणि दारात उभा राहिलो.

“सूनबाई, तू दीड तास आत काय करायचीस?”

“अभ्यास.”

“आणि केक?”

“पस्तीस मिनिटांनी बंद करायचे.”

“तुला ठाऊक होतं?”

ती स्टुलावरून उतरली. फडकं पिळलं, पुन्हा पिळलं. त्यात पाणी नव्हतं.

“आणि ही?” मी विचारलं.

“विचारू नका, बाबा.”

“विचारलंय आता.”

“लग्नानंतर आईंनी मला केक शिकवला, तेव्हा दार लावून घेतलं होतं. म्हणाल्या, केक पस्तीस मिनिटांचा, उरलेली पंचावन्न आपली. वहीत दीड तास मुद्दाम लिहिलाय, कारण हे वही उघडून बघतात.”

बघायचो खरा. एक तास झाला की मला वाटायचं, अजून कशी येत नाही.

“काय करायची ती आत?”

“मीही तेच विचारलं होतं. मला वाटलं, भरतकाम करत असतील, नाहीतर चोरून मासिकं वाचत असतील.” ती थांबली. “म्हणाल्या, काही नाही गं. स्टुलावर बसते. कोणी बोलत नसतं, एवढंच.”

ते स्टूल आमच्या दोघांच्या मधे होतं.

“रागावून नव्हत्या म्हणाल्या,” सूनबाई म्हणाली. “हसत होत्या.”

मी वॉकर वळवला. तो परत उंबऱ्यात अडकला, आणि या वेळी मला तो सोडवता येईना. तिने येऊन सोडवला.

५ फेब्रुवारी

दर रविवारी पंचावन्न मिनिटं, अशी चाळीस वर्षं. गुणाकार करायला घेतला आणि टाकून दिला.

मी दाराबाहेर बसून म्हणायचो आणि ही आत ऐकते आहे असं समजायचो. एकदा दीपगृहाची कविता संपवली तेव्हा आतून एक लांब श्वास ऐकू आला होता. त्या दिवशीच्या डायरीत मी लिहिल्याचं मला पक्कं आठवतं: आज दाद मिळाली.

दोन गोष्टी मनात येतात आणि एकमेकींना जागा देत नाहीत. एक, की तिने मला फसवलं. दुसरी, की फक्त एवढंच फसवलं.

या खोलीत मी सव्वीस दिवस आहे. सहा आठवडे संपले की प्लास्टर कापतील आणि मी घरी जाईन, हे मला रोज कोणीतरी सांगतं, आणि त्यावर मी दिवस काढतो. हिला कोणी काय सांगितलं होतं?

७ फेब्रुवारी

शाळेतली अकरा पानं चिमणीने परत आणली. बाईंना काय सांगितलंस विचारलं, तर म्हणाली, “सांगितलं की आईचं रक्त आहे ते.” बाईंनी ताबडतोब दिली म्हणे.

सगळी टिपणं आज पुरी झाली. चौदा कॅलेंडरं. आठ-नऊ ठिकाणी भोकं राहिली. गठ्ठा सूनबाईच्या हातात दिला. तिने वरचा कागद पाहिला. त्यावर एक जुना फेब्रुवारी मागून दिसत होता आणि पुढे तिच्या पेशी. एक भोक बघून तिने तिथे काय होतं ते न बघता म्हणून दाखवलं. मग दुसरं. मग ती स्वतःच चकित झाली.

“हे येतंय मला,” ती म्हणाली.

“येणारच,” म्हणणार होतो. नाही म्हटलं. घंटेत कापूस कोंबून ती कॉटखाली ठेवली आहे.

आता प्रश्न चिमणीच्या माळेचा. कागदाची पानं गेली, प्रदर्शन दहा तारखेला.

९ फेब्रुवारी

हिच्या वहीत मागच्या बाजूला सापडलं. मुलं लहान असताना ती करायची: दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, मळण्यापुरतं पाणी. खायचं नाही, आकार करून वाळवायचे, दगडासारखे होतात. घरात जुन्या मैद्याला किडे लागायला आले होते, त्याची सोय झाली. चिमणीने आणि मी बाटलीने लाटून पानं कापली, सुरीच्या टोकाने शिरा काढल्या, दोरा ओवायला भोकं पाडली. चहाच्या उरलेल्या पाण्याने रंगवली.

वेळेच्या जागी हिने लिहिलं आहे: मंद आचेवर तीन तास.

बेकरीवाल्यांना चिमणीकरवी विचारून घेतलं, ही वेळ तरी खरी का. निरोप आला: खरी. याला तीन तास लागतातच.

उद्या शाळेची वेळ दुपारची आहे. सकाळी भाजू.

१० फेब्रुवारी

हे जिन्यात बसून लिहितो आहे.

सकाळी पानं ओव्हनमध्ये गेली. आच मंद, लाल दिवा लागलेला, चिमणीने दोनदा खात्री केली. सूनबाई आतल्या खोलीत बिछाने आवरत होती. मी तिला हाक मारली.

“ओव्हन चालू आहे. तीन तास कोणीतरी आत बसायला हवं. मागच्या वेळचं माहीत आहे ना.”

“आच मंद आहे, बाबा. बघायला काही लागत नाही त्याला.”

“लागतं,” मी म्हणालो. “पुस्तक घेऊन जा, नाहीतर कंटाळशील.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग टेबलावरची कॅलेंडरं उचलली, पुस्तक उचललं आणि आत गेली. टॉवेल मीच भिजवून फटीत सारला. वाकता येत नाही, म्हणून वॉकरच्या पायाने.

तरी बाहेरच्या खोलीत मी म्हणजे मीच. खोकतो, खुर्ची करकरते, ओठ आपोआप हलतात. म्हणून चिमणीला म्हटलं, माझी शाल आण. उंबरा ओलांडला आणि एका महिन्यात पहिल्यांदा घराबाहेर पडलो. बाहेर म्हणजे जिन्याचा चौकोन, चार फूट लांब, तीन रुंद. खाली बहात्तर पायऱ्या, वर माझं काही नाही. चिमणीने घराचं दार हलकेच ओढून घेतलं. मी वरच्या पायरीवर बसलो, प्लास्टरचा पाय सरळ समोर, तोफेसारखा.

वरच्या मजल्यावरच्या बाई पिशवी घेऊन उतरत होत्या. त्यांना माझा पाय ओलांडावा लागला.

“काय हो आजोबा, किल्ली राहिली का आत?”

“नाही, ओव्हन चालू आहे.”

त्यांना ते पटलं नसावं, पण त्या गेल्या.

जिन्यात गार आहे. भिंतीतला पाइप इथेही आहे. खिडकीतून दिसतो तोच असावा. चिमणी कंटाळली.

“आजोबा, ओढ्याची कविता म्हणा ना.”

“नको. आत ऐकू जाईल.”

“हळू म्हणा.”

“हळू येत नाही मला.”

ती पायरीवर नखाने पान काढत बसली. मग एकदम उठून दाराच्या कडीला हात घातला.

“पानं बघून येते.”

“उघडायचं नाही, चिमणे.”

“पण आजोबा, बेकरीवाले काका तर म्हणाले, दार उघडलं तरी चालतं.”

“ते केकचं. ही पानं आहेत.”

“पानंपण बसतात?”

“पानं फार लवकर बसतात.”

ती माझ्याकडे बराच वेळ बघत उभी राहिली. तसं बघणं मी ओळखतो; रविवारी ही केकचा डबा घेऊन आत जाताना दारात एक क्षण थांबून माझ्याकडे तसं बघायची.

“बरं,” चिमणी म्हणाली, आणि दाराला पाठ लावून बसली, पाय पसरून, कोणी आलंच तर अडवायला.

अजून एक तास चाळीस मिनिटं आहेत.